यंत्रमल्लांचा आखाडा

यंत्राने यंत्राशी झुंजावे, माणसांनी जाड पारदर्शक भिंतीआडून ती झुंज पाहावी आणि तीन मिनिटांची मुदत संपण्यापूर्वी दोहोंपैकी एकाच्या ठिकऱ्या उडाल्या म्हणजे टाळ्या पिटाव्यात, हा प्रकार प्रथम ऐकणाऱ्याला पोरखेळ वाटल्यावाचून राहत नाही. परंतु ज्या पोरखेळाला इंग्लंड-अमेरिकेतील दूरचित्रवाणीने पंचवीस वर्षांत दोनदा डोक्यावर घेतले आणि दोनदा खाली उतरवले, ज्याच्यासाठी पवईच्या आयआयटीतील मैदान दर हिवाळ्यात माणसांनी फुलून जाते, आणि ज्याचे आपल्याकडील भवितव्य, माझ्या समजुतीप्रमाणे, महाविद्यालयांच्या प्रांगणापेक्षा अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लेथयंत्रांपाशी अधिक गुंतलेले आहे, त्याची थोडी विचारपूस करणे अस्थानी होणार नाही.

या खेळाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो मार्क थॉर्प हा चित्रपटांसाठी प्रतिकृती घडवणारा अमेरिकन कारागीर. घरातला केर काढणारे यंत्र दुरून चालवता यावे म्हणून १९९२ च्या सुमारास त्याने काही खटपट केली. ती फसली, पण तीतून यंत्रांच्या द्वंद्वाची कल्पना निघाली आणि १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' या नावाने पहिला सामना भरला. पुढे भांडवल पुरवणाऱ्या भागीदाराशी त्याचे बिनसले, मालकीहक्काची दावेदारी कोर्टात गेली, आणि खेळ अमेरिकेत तहकूब पडला असतानाच त्याचे नाव मात्र समुद्र ओलांडून बीबीसीकडे पोहोचले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेथे सुरू झालेल्या मालिकेने ऐन भरात साठ लाखांच्या घरात प्रेक्षक मिळवले. स्पर्धकांच्या यंत्रांना छळण्यासाठी निर्मात्यांनी 'सर किलालॉट', 'मटिल्डा', 'शंट' अशी स्वतःची यंत्रे मैदानात ठेवली होती, आणि शाळकरी मुले विजेत्यापेक्षा त्यांच्याच नावाने खेळणी मागत. २००० साली अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' आले आणि २००२ साली बंद पडले. ब्रिटनमधील मालिका दुसऱ्या वाहिनीवर जाऊन २००४ साली निमाली. त्यानंतर बारा-तेरा वर्षांचा वनवास. २०१५ साली अमेरिकेत आणि २०१६ साली ब्रिटनमध्ये दोन्ही मालिकांचे पुनरुज्जीवन झाले. पैकी बीबीसीने मार्च २०१८ मध्ये आपली मालिका दुसऱ्यांदा बरखास्त केली, आणि अमेरिकन मालिका वाहिनी बदलून २०२३ पर्यंत तग धरून राहिली. लास व्हेगासमध्ये तिचे प्रेक्षकांसमोरील प्रयोग त्याच वर्षी सुरू झाले. मैदानी स्पर्धेची अशा रीतीने सर्कस व्हावी, याचे मला स्वतःला वैषम्य वाटते. पण सर्कशीलाही पोट असते.

या यंत्रांना 'रोबोट' म्हणावे की नाही, यावर काटेकोर मंडळी हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. मैदानाबाहेर उभा असलेला मुलगा हातातल्या रेडिओ-नियंत्रकाने जे सांगेल तेच ही यंत्रे करतात. स्वतःचा विचार त्यांना नाही. तरीही नाव रूढ झाले आहे, आणि खेळणारी मुले तर सरळ 'बॉट' म्हणूनच मोकळी होतात.

आता या बॉटच्या अंतरंगाकडे वळू, कारण खेळाच्या उत्कर्षाचे आणि अपकर्षाचेही मूळ तेथेच आहे. प्रारंभीच्या काळात कोणी पाचर लावून प्रतिस्पर्ध्याखाली शिरे, कोणी हवेच्या दाबावर चालणाऱ्या झडपेने त्याला उलथवी, कोणी घण मारी, तर कोणी खेकड्याच्या नांगीसारख्या जबड्याने त्याचे कवच हळूहळू दाबून भोक पाडी. ब्रिटनचे 'रेझर' हे यंत्र या शेवटच्या प्रकारात विशेष गाजले. हळूहळू मात्र सर्वांच्या ध्यानात आले की, फिरते शस्त्र हेच सर्वांत जहाल शस्त्र होय. पोलादाचा जड दांडा, चकती किंवा ढोल मोटारीने गरगर फिरवायचा, आणि त्यात साठलेली सगळी शक्ती एका क्षणात समोरच्याच्या अंगावर रिकामी करायची, एवढेच त्याचे तत्त्व. दहा किलो वजनाचा, अर्धा मीटर लांबीचा दांडा मिनिटाला तीन हजार फेरे घेऊ लागला, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होतो, आणि त्यात साठणारी ऊर्जा दहा हजार ज्यूलच्या वर जाते; म्हणजे साठ किलोचे धूड पाचव्या-सहाव्या मजल्यावरून खाली टाकले असता जितका आघात होईल तितका. शिवाय वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, असा या गणिताचा मोह आहे. त्याला आवर घालण्यासाठीच 'बॅटलबॉट्स'च्या नियमांत शस्त्राच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे मैलांच्या पुढे जाऊ नये, असा दंडक घालावा लागला.

यातही एक खोच आहे. शस्त्र फार वेगाने फिरले की त्याच्या एका दातामागून दुसरा दात येण्यास इतका अल्प अवकाश उरतो की प्रतिस्पर्धी त्या फटीत शिरतच नाही. दात नुसता खरवडतो, चावत नाही. म्हणून जाणते कारागीर शस्त्राला एकच दात ठेवतात, दुसऱ्या बाजूस समतोलासाठी वजन देतात, आणि वेग बेताचा राखून पुढे मुसंडी मारतात. उभ्या फिरणाऱ्या चकतीचा आणखी एक त्रास असा की, यंत्र वळू लागताच भोवऱ्याच्या नियमाने त्याचे एक चाक जमिनीपासून उचलले जाते; तेव्हा चालकाला वळणही मोजूनमापून घ्यावे लागते. हे सगळे कसब प्रेक्षकाला दिसत नाही. त्याला दिसतो तो ठिणग्यांचा फवारा.

आणि येथेच दूरचित्रवाणीचे घोडे अडले. फिरत्या शस्त्रांच्या अमलाखाली सामन्यांत वैचित्र्य उरले नाही. पहिल्या वीस सेकंदांत निकाल लागू लागला, आणि हरलेले यंत्र दुरुस्त होण्यास मात्र पूर्ण रात्र पुरेना. चित्रीकरणाच्या सभागृहाचे भाडे, गोळीसारखे उडणारे पोलादाचे तुकडे अडवू शकणारी पॉलिकार्बोनेटची भिंत, विमा, अग्निशमनाची तजवीज, डझनावारी कॅमेरे, आणि एवढे करून हाती लागायची ती काही मिनिटांची झुंज. मग उरलेला तास भरून काढण्यासाठी स्पर्धकांच्या घरच्या गोष्टी, खोटे वैर, निवेदकाच्या कोट्या. स्पर्धक पदरचे पैसे घालून येत, वाहिनी जाहिरातीचे उत्पन्न घेई, आणि विजेत्याच्या वाट्याला मुख्यतः चषक आणि कीर्ती येई. वाहिनीच्या दप्तरी हा खेळ मनोरंजनाच्या खात्यात नोंदलेला असल्यामुळे, प्रेक्षकसंख्या जराशी घसरताच त्याची मंजुरी रद्द करण्यास कोणाचीच हरकत आली नाही. खरा खेळ वर्षभर चालतो, गावोगावच्या लहान मैदानांत चालतो, आणि त्याचे पंच, नियम व नोंदवह्या वाहिनीच्या मालकीच्या नसतात. येथे मात्र वाहिनीने हात आखडताच पंचही गेले, मैदानही गेले आणि वर्षाचे वेळापत्रकही गेले. लोक म्हणतात, प्रेक्षक कंटाळले म्हणून मालिका बंद पडली. मला वाटते, मालिकेखाली खेळाचा पाया घातलाच गेला नव्हता, हे अधिक खरे.

याच्या उलट वाट आपल्या दूरदर्शनने चोखाळली, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ साली टोकियोत 'रोबोकॉन' ही महाविद्यालयीन स्पर्धा सुरू केली, आणि तिची भारतीय निवड-फेरी दूरदर्शनने आपल्या अंगावर घेतली. येथे झुंज नाही. दर वर्षी यजमान देश आपल्या परंपरेतला एखादा प्रसंग निवडतो आणि विद्यार्थ्यांनी तो यंत्रांकरवी साधायचा असतो. २००८ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्याच्या बालेवाडीत भरली तेव्हा विषय होता गोविंदाचा, म्हणजे उंच टांगलेल्या हंडीतले लोणी यंत्राने मिळवायचे; २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली तेव्हा एका पालक-यंत्राने बाल-यंत्राला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर खेळवायचे होते; आणि २०२२ साली दिल्लीत चक्क लगोरी मांडली गेली. आपल्या गल्लीतल्या खेळांसाठी जपान-चीन-व्हिएतनामच्या अभियंत्यांनी महिनोन् महिने डोके खपवावे, यात एक गंमत आहे. रोबोकॉनला 'रोबोट वॉर्स'एवढा बोलबाला कधी लाभला नाही, आणि ठिणग्या उडत नसल्यामुळे लाभण्याचा संभवही नाही. पण ती अजून चालू आहे, कारण तिचा आधार प्रेक्षकसंख्येवर नसून महाविद्यालयांच्या शिरस्त्यावर आहे.

झुंजीच्या खेळाला आपल्याकडे असा आधार मिळाला तो 'टेकफेस्ट'मुळे. आयआयटी मुंबईचा हा तंत्रोत्सव १९९८ साली सुरू झाला, आणि त्यातील 'रोबोवॉर्स' हे पुढे त्याचे सर्वांत गर्दी खेचणारे अंग बनले. येथे मोठ्या गटाची वजनमर्यादा ६० किलो. इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ८, १५, ३० किलोंचेही गट असतात. आरंभीच्या काळात मुले मोटारीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटार, स्कूटरची शिशाची बॅटरी आणि भंगारातला लोखंडी पत्रा यांवर भागवीत. आज ब्रशलेस मोटार, लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि कठीण केलेले पोलाद यांच्याशिवाय आखाड्यात उतरणे म्हणजे आत्मघात. बदलापूरहून कोणा विद्यार्थ्याला पवईला जायचे तर जलद लोकलने ठाणे, तेथून धिम्या गाडीने कांजूरमार्ग, असा प्रवास; पाठीवरच्या पिशवीत नियंत्रक आणि चार्जर मावतात, पण साठ किलोचा बॉट मावत नाही, आणि टेम्पोचे भाडे हा या खेळाच्या जमाखर्चातला कोणीही न लिहिलेला रकाना आहे.

एक मोठे व्यंग मात्र राहून गेले. महाविद्यालयीन संघ हा चार वर्षांचा संघ. ज्याने पहिल्या वर्षी वेल्डिंग शिकून घेतले, दुसऱ्या वर्षी शस्त्र मोडून घेतले आणि तिसऱ्या वर्षी खरे शहाणपण मिळवले, तो चौथ्या वर्षी मुलाखतींच्या मागे लागतो आणि पाचव्या वर्षी बंगलोरला असतो. बॉट प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गंजतो, आणि नवी मुले तेच ठेचाळणे पुन्हा आरंभापासून सुरू करतात. महाविद्यालयागणिक नियमही निराळे, त्यामुळे एका ठिकाणी मान्य झालेले यंत्र दुसऱ्या ठिकाणी तपासणीतच बाद होते. ज्ञानाचा वारसा असा दर चार वर्षांनी खंडित होत असेल, तर तो खेळ प्रौढ व्हावा कसा?

येथे मला कुस्तीची आठवण होते, आणि ती केवळ झुंजीच्या साम्यामुळे नव्हे. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधले, महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. पण ही शिखरे झाली. कुस्ती जगली ती तालमींच्या बळावर. तालमीत चौदा वर्षांचे पोर आणि साठीचा वस्ताद एकाच मातीत असतात. गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती आणि हजारोंच्या इनामाची कुस्ती एकाच दिवशी लागते. आणि दूरचित्रवाणीने ती दाखवली नाही म्हणून एकही तालीम बंद पडत नाही. तालमींवर संकटे आली ती निराळ्या कारणांनी, खुराकाच्या खर्चाने आणि राजाश्रयाच्या अभावाने. यंत्रमल्लांना असा वस्ताद आणि अशी माती कोठे मिळेल, हा खरा प्रश्न आहे, आणि मी मुंबईच्या पूर्वेकडे बोट दाखवतो ते यासाठी.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे मध्य रेल्वेच्या एका रुळावर, उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या खोऱ्यात, एकमेकांना जवळजवळ चिकटून वसली आहेत. पण प्रत्येकाचा पिंड निराळा. अंबरनाथ हे मूळचे इ. स. १०६० च्या शिलालेखाच्या शिवालयाचे गाव; गेल्या शतकात तेथे 'विम्को'चा आगपेट्यांचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, 'मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी' आली, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मोरिवली, आनंदनगर या भागांत भूखंड पाडले. संरक्षणखात्याच्या कारखान्यांत सूत-सूत मोजून काम करण्याची जी शिस्त लागली, ती निवृत्त कामगारांबरोबर छोट्या शेडांत उतरली असावी, असे तेथल्या जॉबवर्कच्या धंद्याकडे पाहून वाटते. बदलापूरच्या वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा भरणा, पण त्यांच्या पंपांची, झडपांची, शाफ्टांची दुरुस्ती करणारेही आहेतच. आणि उल्हासनगर! महायुद्धातील कल्याण छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या काळात त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि पुढे जगातली कोणतीही वस्तू पाहिली की तशीच दुसरी करून देण्याच्या तेथल्या हातोटीवरून 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद सर्वतोमुखी झाला. या विनोदात थोडी हेटाळणी आहे. पण परदेशातून मागवलेला सुटा भाग सामन्याच्या आदल्या रात्री फुटला म्हणजे नेमका हाच गुण कामी येतो.

कारण बॉटचा खर्च पाहिला तर मोटारी आणि बॅटऱ्या वगळता उरलेले सगळे काम टर्नर, फिटर, वेल्डर यांचे आहे. शस्त्राचा दांडा ईएन-२४ सारख्या मिश्र पोलादाचा घ्यायचा. तो लेझरवर कापायचा की वायरकटवर, कठीण किती करायचा, हे ठरवणे पुस्तकाने होत नाही. फार कठीण केला तर तो काचेसारखा तडकतो, मऊ ठेवला तर दात बोथटतो. मधला बिंदू कोठे, हे हीट-ट्रीटमेंटच्या भट्टीपाशी वीस वर्षे उभा राहिलेला माणूस पोलादाचा रंग पाहून सांगतो. आयआयटीतल्या मुलाला ऊर्जेचे समीकरण येते, अंबरनाथच्या शेडमधल्या माणसाला भट्टी येते, आणि आजवर या दोघांची गाठ बिलाच्या कागदापलीकडे पडत नाही.

अमेरिकेत या खेळाने दूरचित्रवाणीचा नाद सोडून जी वाट धरली तीही याच दिशेची आहे. कनेक्टिकट राज्यातील नॉरवॉक येथे २०१८ साली सुरू झालेल्या लीगने वजनदार यंत्रांचा हव्यास टाकून ३, १२ आणि ३० पौंडांचे गट केले. पैकी तीन पौंडांचा, म्हणजे सव्वा-दीड किलोचा गट सर्वांत गजबजलेला. तेथील सामने इंटरनेटवर थेट दिसतात, एका दिवसात शेकडो झुंजी उरकतात, आणि हरलेला स्पर्धक बाकड्यावर बसून तासाभरात यंत्र पुन्हा उभे करतो. ब्रिटनमध्येही दीड किलोचे 'बीटल' आणि दीडशे ग्रॅमचे 'अँट' हेच गट फोफावले आहेत. लहान यंत्र हे केवळ स्वस्त असते म्हणून चांगले असे नाही. ते लोकलच्या डब्यातून नेता येते, त्याचे सुटे भाग खिशात मावतात, आणि त्याच्या आखाड्याला सभागृह लागत नाही, एखादी शेड पुरते.

चीनने मात्र उलट बाजूने मुसंडी मारली आहे. मे २०२५ मध्ये हांगझोऊ येथे युनिट्री कंपनीच्या, माणसासारखे हातपाय असलेल्या, सुमारे पस्तीस किलोच्या यंत्रांची मुष्टियुद्धे तेथल्या सरकारी दूरचित्रवाणीने दाखवली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगला मानवाकृती यंत्रांचा क्रीडामहोत्सवही झाला. त्यात यंत्रे बऱ्याचदा आपसूक कोलमडत होती, आणि प्रेक्षक त्यांच्या उठण्यालाच अधिक दाद देत होते. हा उद्योगधंद्याच्या प्रदर्शनाचा प्रकार आहे; विकत घेतलेल्या एकाच नमुन्याच्या यंत्रांची झुंज ही चालकांची परीक्षा असेल, कारागिरांची नव्हे. दूरचित्रवाणीला पुन्हा काही दाखवायचे असेल तर ती बहुधा हेच दाखवील, आणि दाखवावे. त्याने फिरत्या पोलादाच्या खेळाचे काही बिघडत नाही.

अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या शेडमध्ये, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दीड किलोच्या गटाचे सामने लावायचे तर लागणारी सामग्री फार नाही: पोलादी चौकटीत बसवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या भिंती आणि वरचे झाकण, पोलादी तळ, रेडिओचा संपर्क तुटताच यंत्र जागच्या जागी थांबते की नाही हे तपासणारा एक कडक माणूस, लिथियम बॅटरीने पेट घेतला तर वाळूच्या बादल्या आणि धूर बाहेर जाण्यास वाट, आणि सर्व महाविद्यालयांना मान्य होईल असे दोन पानी नियम. जागेच्या मालकाची अडचण वेगळी असेल. अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरल्यावाचून तो किल्ली देणार नाही, आणि त्याने देऊही नये. त्यासाठी एखादी रीतसर नोंदलेली संस्था हवी, तिच्या नावे विमा हवा, आणि हे कंटाळवाणे काम विद्यार्थ्यांच्या हातून होणारे नाही. कारखानदारांच्या संघटनांनी मनावर घेतले तर होईल. पंचांची निवड मात्र सोपी आहे. तीन मिनिटे संपूनही दोन्ही यंत्रे चालती राहिली तर निकाल नुकसान, आक्रमकता आणि नियंत्रण यांवरून द्यायचा असतो, आणि त्यात नुकसान ओळखणे सर्वांत कठीण: वरून धड दिसणाऱ्या यंत्राचा आतला शाफ्ट वाकला आहे की बेअरिंग गेले आहे, हे त्याच्या आवाजावरून सांगणारी निवृत्त फिटर मंडळी या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत, आणि पंचाच्या तीन खुर्च्यांपैकी निदान दोन तरी त्यांच्याकडे जाव्यात, अशी माझी शिफारस आहे.